सुक्या बर्फाला सुटी नसते

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला आवक विभागात थर्माकोलचा खोका येऊन पडला की आरोग्य संशोधन संस्थेच्या प्रशासकीय अधिकाऱ्याचा घरी जायचा बेत बारगळतो. खोक्यावर लिहिलेलं असतं ‘यूएन १८४५’, म्हणजे आत सुका बर्फ. हा गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. उणे ७८.५ अंशांवर तो न वितळता थेट वायू होऊन उडून जातो. म्हणून असा खोका हवाबंद करत नाहीत. वायूला वाट मिळाली नाही तर खोका फुटेल. वाट ठेवली की बर्फ तासातासाने घटत राहतो. ‘सोमवारी सही घेऊ’ म्हटलं, तर सोमवारी आतलं एन्झाइम निकामी झालेलं असू शकतं. कस्टममध्ये एखादा कागद कमी पडला तरी तेच.

या नोकरीत फायली सगळीकडच्यासारख्याच असतात: इंडेंट म्हणजे मागणीपत्र, कोटेशन, तुलनात्मक तक्ता, खरेदी समिती, मार्चअखेरची धावपळ. अडचण येते ती ‘सर्वांत स्वस्त घ्या’ इथे. शास्त्रज्ञ अडून बसतो, अँटिबॉडी त्याच कंपनीची हवी. नव्या अधिकाऱ्याला वाटतं, यात काहीतरी गडबड आहे. खरं कारण वेगळं असतं. अँटिबॉडी एका ठरावीक प्रथिनाच्या ठरावीक भागाला चिकटते. दुसऱ्या कंपनीची त्याच प्रथिनाच्या दुसऱ्या भागाला चिकटेल, कमी घट्ट चिकटेल, किंवा भलत्यालाच चिकटेल. मग दोन वर्षांपूर्वीची मोजमापं आजच्या मोजमापांशी ताडून पाहता येत नाहीत आणि सगळा अभ्यास अर्ध्यात अडकतो. एकाच पुरवठादाराकडून घ्यायची नियमात सोय आहे, पण कारण कागदावर पटेल असं मांडावं लागतं. माझ्या मते चांगला अधिकारी ओळखायचा तो इथेच. वाईट अधिकारी फक्त शेरा मारतो, ‘कृपया खुलासा करावा’.

कधी खरेदीची वस्तू बाजारातच नसते. २०२०मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला कोव्हॅक्सिनच्या चाचणीसाठी ऱ्हीसस माकडं हवी होती. देशात त्यांची पैदास करून प्रयोगशाळांना पुरवणारं कुणी नव्हतं. शेवटी वन विभागाच्या मदतीने नागपूरच्या बाजूला शोध घ्यावा लागला. टाळेबंदीत माणसांकडचं खाणं मिळेनासं झाल्याने माकडं जंगलात आत निघून गेली होती. अभ्यासात वापरली ती २० माकडं. ऱ्हीससला तेव्हा वन्यजीव कायद्याचं संरक्षण असल्याने आधी परवानगीची कागदपत्रं, मग पिंजरे.

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, अशा संस्था देशभर पसरलेल्या आहेत. आग्र्याला कुष्ठरोग, हैदराबादला पोषण, पुदुच्चेरीला डास आणि त्यांच्यामार्फत पसरणारे आजार. बदली झाली की आजार बदलतो आणि खरेदीची यादीही. डासांच्या प्रयोगशाळेत पैदाशीसाठी अळ्या पाळतात. त्यांचं खाणं म्हणून यीस्ट आणि कुत्र्याच्या बिस्किटांची पूड पाण्यावर भुरभुरतात. जास्त पडली तर पाणी नासून अळ्या मरतात. ही बिस्किटं रीतसर विकत घ्यावी लागतात. मग लेखापरीक्षक बिल हातात धरून विचारणारच, ‘साहेब, संस्थेत कुत्रा कुठे आहे?’