वृद्धाश्रम तपासायचा कुणी?

सोलापुरात विजापूर रोडच्या आतल्या गल्लीत एका भाड्याच्या बंगल्यात अकरा आजी-आजोबा राहतात. हॉलमध्ये ओळीने पलंग, मागच्या दाराला कुलूप, किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला. कुलूप कशाला, असं विचारल्यावर तिथे काम करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "एक आजी रात्री उठून घरी जायचं म्हणून चालायला लागतात ओ." कारण खोटं नाही. पण धूर झाला, वीज गेली, तर तो खिळा अंधारात चाचपडणार कोण? धर्मादाय कार्यालयाला हिशेब जातात, दाराचं कुणी विचारत नाही.

याचं मूळ जुनं आहे. संस्थांवर देखरेख ठेवणारे आपले कायदे बायका-मुलं डोळ्यांसमोर ठेवून झाले. 1956 चा महिला व बालक संस्थांच्या परवान्याचा कायदा घ्या, नाहीतर 1960 चा अनाथालयांचा; दोन्हींत म्हातारी माणसं नाहीत. तेव्हा ते कुणाला खटकलंही नसेल. म्हातारपण घरातच सरायचं, आणि ज्याला कुणी नाही त्याला पंढरपूर होतंच.

सोलापुरात हे गणित गिरण्यांबरोबर बिघडलं. जुनी मिल गेली, लक्ष्मी-विष्णू गेली, पुढची पिढी हुतात्मा एक्सप्रेस धरून पुण्याला गेली. मागे राहिलेल्यांसाठी बंगल्या-बंगल्यांतून अशी सांभाळकेंद्रं निघाली.

त्यांच्या सर्वात जवळ येणारा कायदा म्हणजे 1949 चा शुश्रूषागृह नोंदणीचा. आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून उपचार-शुश्रूषा होत असेल, तर नोंदणी हवी आणि अधिकाऱ्याला आत येऊन पाहता येतं. म्हणून बहुतेक चालक एकच वाक्य बोलतात: आम्ही फक्त सांभाळतो. लघवीची नळी बदलणं, बेडसोर धुणं हे सांभाळण्यात धरायचं की शुश्रूषेत, हा वाद मला तरी हास्यास्पद वाटतो.

2007 मध्ये आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आला, महाराष्ट्राचे नियम 2010 चे. कलम 19 प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधारांच्या सोयीचा वृद्धाश्रम काढण्याबद्दल आहे. पण शब्द 'काढता येईल' असा आहे, 'काढावाच' असा नाही. केंद्राच्या आदर्श नियमांत निजायला माणशी साडेसात चौरस मीटर जागा धरली आहे. ती मापं या सरकारी वृद्धाश्रमांची. भाड्याच्या बंगल्यात टेप घेऊन कोण जाणार?

उरली आग. राष्ट्रीय इमारत संहिता वृद्धांच्या घराला 'निवासी' धरत नाही, 'संस्थात्मक' गटात घालते, कारण तिथल्या माणसांना स्वतःहून पळता येत नाही. बंगल्याच्या कागदावर मात्र 'निवासी' हाच शब्द राहतो. धोका काल्पनिक नाही. 1 जानेवारी 2023 ला दिल्लीत अशाच एका केंद्राला आग लागून दोन वृद्धा गेल्या. 18 मे 2025 ला आपल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण दगावले. त्यात कारखान्यातच राहणारं मालकाचं कुटुंब होतं.

नोंदणी आणि किमान दर्जा खासगी केंद्रांनाही लागू करणारं 2007 च्या कायद्याचं दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. ते समितीकडे गेलं आणि 2024 मध्ये लोकसभेची मुदत संपताच बाद झालं.

तेव्हा नेमाने होणारी तपासणी एकच, 2006 च्या राज्य अग्निसुरक्षा कायद्याची. दर जानेवारी-जुलैला परवानाधारक एजन्सीचा दाखला द्यावा लागतो, एजन्सीचे पैसे घरमालकाने किंवा चालकाने भरायचे. बंगल्यात एजन्सीचा पोरगा येऊन गेला होता. आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे हे त्याने पाहिलं, नवी चिठ्ठी अडकवली, सही घेतली. मागच्या दारापर्यंत तो गेला नाही. सिलिंडर पुढच्या खोलीत होता.