नरसाळ्याएवढं आभाळ

जुलै उजाडला की कोल्हापुरात चहाच्या टपरीपासून एसटी स्टँडपर्यंत एकच चौकशी चालते: "राजाराम बंधाऱ्यावर किती फूट?" पंचगंगेची पातळी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगेनं ५५ फूट ओलांडले आणि शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. पण फूट हा शेवटचा आकडा. त्याच्या आधीचा आकडा पावसाच्या मिलिमीटरचा, आणि तो मोजायला घरातलं नरसाळं पुरतं.

तो का मोजायचा? हवा १ अंश सेल्सिअसनं तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान साधारण ०.७ अंशानं वाढलं. एवढ्यानं वर्षभराच्या पावसाची बेरीज बदलेलच असं नाही. बदलते ती पडण्याची तऱ्हा: कोरडे दिवस वाढतात आणि पडतो तेव्हा धो-धो पडतो. म्हणून 'यंदा एकूण किती झाला' यापेक्षा 'एका दिवसात किती झाला' हे पाहायला हवं.

आपल्या जिल्ह्यात तर एका ठिकाणचा आकडा दुसरीकडे चालतच नाही. घाटमाथ्यावरच्या गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिमीच्या आसपास पाऊस, तर पूर्वेला शिरोळकडे त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या थोडा वर. शहरात ऊन पडलेलं असतानाही नदी चढते, ती याचमुळे.

साहित्य साधं आहे. आतून १६ सेंटीमीटर व्यासाचं खोलगट नरसाळं आणि तेलाचा रिकामा ५ लिटरचा कॅन. १६ सेंमीच का? त्या तोंडाचं क्षेत्रफळ २०१ चौरस सेंमी येतं, म्हणून कॅनमधलं दर २० मिली पाणी म्हणजे १ मिमी पाऊस. हिशेब तोंडी होतो. दुसऱ्या मापाचं नरसाळं असेल तर मिलीला १० नं गुणून तोंडाच्या चौरस सेंमीनं भागायचं. मोजायला औषधाच्या दुकानातला मापाचा ग्लास चालतो. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा त्याहून सोयीचा, कारण २० मिली पाणी म्हणजे २० ग्रॅम. पाणी मात्र वेगळ्या भांड्यात ओतून, भांड्याचं वजन वजा करून मोजा. मुसळधार दिवशी भरलेला कॅन साध्या काट्याला झेपत नाही. कॅनमध्ये साधारण २५० मिमी मावतात, शहरासाठी भरपूर. गगनबावडा-राधानगरीकडे दिवसातून दोनदा रिकामा करून बेरीज लिहावी.

चुका बहुतेक ठरलेल्या असतात. पहिली व्यासाची. प्लॅस्टिकचं नरसाळं क्वचितच नेमकं गोल असतं, त्यामुळे दोन-तीन दिशांनी मोजून सरासरी काढा. १६ ऐवजी १७ धरलं तर पाऊस जवळपास ११ टक्क्यांनी कमी दिसतो. दुसरी, उथळ नरसाळं: जोराचे थेंब उसळून बाहेर जातात. तिसरी, पानं अडू नयेत म्हणून तोंडावर जाळी बांधणं. जाळीवरचं पाणी उडतं. त्यापेक्षा चहाची छोटी गाळणी आत, नळीच्या तोंडाशी बसवावी. चौथी आणि सर्वांत मोठी चूक जागेची. हवामान खात्याच्या साध्या पर्जन्यमापकाचं तोंड जमिनीपासून ३० सेंमीवर असतं. जवळचा अडथळा त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवा. १० मीटरचं नारळाचं झाड असेल तर २० मीटर लांब. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत एवढी जागा कुठून आणायची? तिथं गच्चीच्या मध्यावर, कठडा आणि पाण्याच्या टाकीपासून दूर ठेवा आणि चारही बाजूंनी विटा लावा. गच्चीवर वारा जास्त, म्हणून आकडा जरा कमी येईल. येऊ दे. जागा मात्र दरवर्षी तीच ठेवा, नाहीतर या वर्षाची मागच्या वर्षाशी तुलना होणार नाही.

रोज सकाळी ८:३० ला मोजायचं. खात्याचा दिवस तेव्हाच बदलतो: आज साडेआठला सापडलेला पाऊस गेल्या २४ तासांचा, पण लिहायचा आजच्या तारखेला. पाऊस नसेल तर ० लिहा. रिकाम्या रकान्यातून पाऊस पडला नाही की तुम्ही बघितलं नाही, हे पुढे कळत नाही. वहीत शेजारी राजाराम बंधाऱ्याची पातळीही टिपा.

हंगाम संपला की तीन मोजण्या करा. २.५ मिमी किंवा त्याहून जास्त पावसाचे दिवस किती, हे पावसाळी दिवस. ६४.५ मिमीपासून पुढचे किती, हे मुसळधार. २०४.५ किंवा त्याहून जास्त, म्हणजे अत्यंत मुसळधार, असा एखादा आहे का? शेतकऱ्यांनी ६५ मिमीवर लाल खूण करावी. महसूल मंडळात २४ तासांत तेवढा पाऊस झाला की सरकारी निकषानं ती अतिवृष्टी ठरते, आणि तिथलं पाऊस मोजणारं स्वयंचलित केंद्र तुमच्या शिवारापासून काही मैलांवर असू शकतं. घरची वही पंचनाम्यात पुरावा म्हणून चालत नाही, पण केंद्राचा आकडा सतत विचित्र येतोय हे दाखवून तक्रार करायला आधार मिळतो.

पाच वर्षांच्या वहीवरून हवामान बदललं असं म्हणणं चूक आहे. त्यासाठी ३० वर्षांची सरासरी लागते. पण पूर-काठच्या घराला दोन पावसाळ्यांतही उपयोग होतो. आपल्या गल्लीत पाणी कितव्या फुटाला शिरतं आणि राधानगरीत जोर झाल्यावर किती तासांनी, हे नोंदीवरून समजतं. राधानगरी धरणाचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरला की ते पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात आणि प्रत्येकातून १४२८ क्युसेक सुटतं. 'दोन दरवाजे उघडले' ही बातमी ऐकून फ्रिज माळ्यावर चढवायचा की नाही, हे ज्याच्या वहीत मागच्या खेपेचे तास आहेत तोच ठरवू शकतो.

आता रानाकडे. एका एकरावर १ मिमी पाऊस म्हणजे सुमारे ४ हजार लिटर पाणी. ते मुरवायचं आणि टिकवायचं, तर उसाचा पाला पेटवणं हा त्याच्या नेमका उलटा उद्योग. पाल्यातला कार्बन वर्षभरापूर्वी हवेतूनच आला होता, म्हणून त्याचा कार्बन डायऑक्साइड हे मुख्य नुकसान नाही. काजळी, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हे खरे दोषी. शंभर वर्षांच्या हिशेबात नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता अडवतो. शिवाय मातीला मिळायचा सेंद्रिय कर्ब जातो, तो वेगळाच.

एकरी तीन-चार टन पाला निघतो. ऊस तुटल्यावर बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा, त्यांच्यावरचा पाला बाजूला ओढून सरीत दाबा. त्यावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि कुजलेल्या शेणखतात मिसळलेलं ४ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकून पाणी द्या. युरिया वाचवायला गेलं की जिवाणू मातीतलाच नत्र उचलतात आणि खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक, पिवळा पडतो. युरिया टाकून पाणी लांबवलं तर तो अमोनिया होऊन उडतो. पाला भुसभुशीत वर तरंगत राहिला तर महिनोन्महिने तसाच दिसतो, मातीला चिकटला पाहिजे. ओल टिकून पाण्याची एक पाळी वाचली, तर ५ एचपी पंपाचे आठ तास म्हणजे ३० युनिटांच्या आसपास वीज वाचते. युनिटला सुमारे ०.७ किलो धरलं तर २० किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड.

नदीकाठच्या पूरपट्ट्यात एक अडचण राहते. एप्रिलमध्ये तुटलेल्या फडातला पाला पावसाळ्याआधी कुजत नाही आणि पुरात वाहून बांधाला ढीग लागतो. तिथं पाला सरीत न पसरता उंचवट्यावर नेऊन, थरांवर शेणकाला शिंपडून, ढीग लावून कुजवावा.