रिंग बदलली, बोअर केला, तरी धूर तसाच

जुन्या आरएक्स १०० आणि येझदी या टू-स्ट्रोक मोटारसायकलींना सध्या पुन्हा चांगले दिवस आले आहेत. वाड्याच्या पडवीत, गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये पंधरा-वीस वर्षं उभ्या राहिलेल्या गाड्या जालना, बीड, परभणीच्या गॅरेजांत येतात. टाकीला नवा रंग चढतो, रिम चमकतात, आणि पहिली किक बसली की सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा लोट निघतो. निदान ठरलेलं असतं: "रिंग गेली, बोअर करून घ्या." बोअर होतो, म्हणजे सिलिंडर आतून घासून रुंद करतात, नवा पिस्टन पडतो आणि धूर तसाच राहतो.

ही चूक फोर-स्ट्रोकच्या, म्हणजे आजच्या बहुतेक गाड्यांच्या इंजिनांच्या, सवयीतून होते. फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या खाली ऑइल साठलेलं असतं. रिंग झिजली की ते वर चढून जळतं. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनखाली साठा नसतोच. तिथे असतं ते हवा-पेट्रोलच्या मिश्रणाबरोबर आलेलं थोडंसं टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल, आणि ते जळणारच असतं. रिंग झिजली तर कॉम्प्रेशन उतरेल, किक हलकी लागेल, पिकअप जाईल. पण जास्तीचं ऑइल ती कुठून आणणार? इंजिनात ऑइलचा मोठा साठा एकच, गिअरबॉक्सकडचा. तो आणि क्रँक चेंबर, म्हणजे पिस्टनखालची बंद पोकळी, यांच्यामध्ये भिंत आहे, भिंतीतून क्रँकचा दांडा आरपार जातो, आणि दांड्याभोवतीची फट बुजवायला तान्ह्या मुलाच्या बांगडीएवढी एक रबरी चकती असते. हे क्लचच्या बाजूचं ऑइल सील. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला, मॅग्नेटच्या (ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या चाकाच्या) मागे, तसंच दुसरं.

टू-स्ट्रोकचा क्रँक चेंबर म्हणजे एक भाता आहे. पिस्टन वर जातो तेव्हा खालची पोकळी कार्ब्युरेटरमधून मिश्रण ओढते; पिस्टन खाली येतो तेव्हा तेच मिश्रण दाबलं जाऊन ट्रान्सफर पोर्टमधून सिलिंडरमध्ये शिरतं. मिनिटाला ६,००० फेरे धरले तर सेकंदाला शंभर वेळा ओढ आणि शंभर वेळा दाब. भात्याचं चामडं फाटलं की लोहाराचं काम थांबतं, तसंच इथे होतं. फक्त कोणतं सील गेलं त्यावर लक्षणं पार बदलतात.

क्लचच्या बाजूचं सील गेलं, तर ओढीच्या वेळी गिअर ऑइल आत शोषलं जातं. धूर दाट, प्लग ओला नि काळा. दाबाच्या वेळी उलट घडतं आणि पेट्रोल गिअर ऑइलमध्ये जातं. म्हणून ड्रेन बोल्ट उघडून निघालेलं ऑइल मापात ओतून बघावं आणि त्याचा वास घ्यावा. ते मापात बरंच कमी भरलं आणि बाहेर कुठेच गळती नसेल, तर ते सायलेन्सरमधून गेलं आहे. माप भरलं पण ऑइल पातळ झालंय आणि पेट्रोलचा वास येतोय, तरी आरोपी तोच.

मॅग्नेटकडचं सील गेलं तर धूर येत नाही, म्हणूनच ते जास्त घातक. तिथून हवा आत येते. ही हवा कार्ब्युरेटरमधून आलेली नसल्यामुळे जेटला, म्हणजे पेट्रोल मापून सोडणाऱ्या बारीक भोकाला, तिचा पत्ता नसतो, तो आपल्यापुरतंच पेट्रोल सोडतो. मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. आयडलिंगला कार्ब्युरेटरची वाट जवळपास बंद असते, त्यामुळे तेवढीच गळती तिथे प्रमाणाने फार मोठी ठरते: रेस सोडली तरी इंजिन खाली येत नाही, वरच लटकतं. पुढे लांबच्या रस्त्यावर पिस्टन तापतो, फुगतो आणि चिकटतो. बाष्प होताना पेट्रोल जी उष्णता खेचून नेतं तीही कमी, आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेल्या गाडीत वंगणही तेवढंच कमी.

मे महिन्यात ४२-४३ अंशांत इंजिन चिकटलं की दोष उन्हावर जातो. पण तापलेली हवा विरळ असते. २५ अंशांवरून ४३ अंशांवर ती सुमारे ६ टक्के हलकी होते, म्हणजे मिश्रण उलट किंचित रिच, जास्त पेट्रोलचं होतं. उन्हाने इंजिन थंड व्हायला अडचण होते हे खरं, पण मिश्रण लीन ते करत नाही. ई२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल मात्र करतं: त्याला जळायला साध्या पेट्रोलपेक्षा सुमारे ८ टक्के कमी हवा लागते, आणि जुना जेट साध्या पेट्रोलसाठी बसवलेला असतो, म्हणून हवा जास्तीची ठरते. त्यात सीलमधून चोरटी हवा आली की काही हाताशी उरत नाही. नवा बोअर करून दोनदा चिकटलेली गाडी "लाभत नाही" म्हणून मातीमोल भावाने विकली जाते, किंवा हँडलला लिंबू-मिरची बांधली जाते, याचं खरोखर वाईट वाटतं. दोन्ही वेळा मॅग्नेट काढून मागे कुणी पाहिलेलं नसतं. सील "फुगवून" गळती थांबवणाऱ्या बाटल्यांवरही पैसे घालवू नयेत. कडक झालेल्या रबराला त्या पहिल्यासारखा लवचिकपणा देत नाहीत, आणि गिअरबॉक्समध्ये ओतलेलं औषध मॅग्नेटकडच्या सीलपर्यंत पोचतच नाही.

आता सील काम कसं करतं ते. ते दांड्याला घट्ट चिकटून फट बंद करतं असं वाटतं, पण तसं असतं तर ते लगेच जळून गेलं असतं. २० मिलिमीटरचा दांडा मिनिटाला ६,००० फेऱ्यांना सीलच्या ओठाखालून, म्हणजे आतल्या कडेखालून, सेकंदाला सव्वासहा मीटर, म्हणजे ताशी सुमारे साडेबावीस किलोमीटर वेगाने सरकतो. प्रत्यक्षात ओठ दांड्यावर टेकतो ती पट्टी मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांएवढी रुंद असते आणि तिच्याखाली साधारण एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा ऑइलचा पापुद्रा असतो. माणसाचा केस याच्या पन्नास-साठ पट जाड. ओठ ऑइलवर तरंगत असतो. मग ऑइल बाहेर का येत नाही?

कारण सील हा स्वतःच एक सूक्ष्म पंप आहे. ओठाचे दोन उतार सारखे नसतात: ऑइलच्या बाजूचा चढा, हवेच्या बाजूचा सपाट. त्यामुळे ओठाखालच्या पट्टीत सर्वांत जास्त दाब मधोमध न पडता ऑइलच्या कडेला सरकलेला असतो. रबराच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात. फिरता दांडा त्यांना ओढतो आणि ते तिरपे होतात. दाबाच्या शिखराच्या एका बाजूचे एका दिशेने कलतात, दुसऱ्या बाजूचे उलट दिशेने. ओल्या अंगणात तिरपा धरलेला खराटा पाणी एकाच कडेला लोटतो, तसं हे उंचवटे ऑइल लोटतात. दोन्ही दिशांना लोटणं चालू असतं, पण हवेकडची पट्टी रुंद असल्यामुळे तिचा जोर जास्त पडतो आणि गोळाबेरीज ऑइल आत ढकलण्याची होते. चालत्या निरोगी सीलच्या हवेच्या बाजूला ऑइलचा थेंब सोडला तर सील तो गिळून आत नेतं.

हे एकदा समजलं की मिस्त्रींचे सगळे नियम आपोआप कळतात. सील उलटं बसलं तर पंप उलटा चालतो. दांड्यावर पॉलिश पेपर आडवा-तिडवा फिरवला की मळसूत्रासारखे ओरखडे पडतात आणि तेच ऑइल बाहेर नेतात. शेडमध्ये उन्हाळेच्या उन्हाळे तापलेलं नायट्राइल रबर कडक होतं. ओठ दांड्याला टेकलेला दिसतो, पण त्याचे उंचवटे कलत नाहीत. शिवाय ओठामागे कडेकडेने बसवलेली बारीक तारेची स्प्रिंग असते. स्प्रिंगची बाजू चेंबरकडे असेल तर दाबाच्या वेळी चेंबरमधली हवाच ओठाला दांड्यावर दाबते. ओढीच्या वेळी बाहेरची हवा ओठ उचलू पाहते आणि सगळी भिस्त स्प्रिंगवर येते. म्हणून थकलेलं सील दाबाला टिकतं आणि ओढीला हरतं.

तपासणीसाठी रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा आणि काटा पुरतो. त्याचा ३०० मिलिमीटर पारा म्हणजे सुमारे ५.८ पीएसआय, इथे लागतो तेवढाच दाब. त्याहून जास्त हवा कधीही भरू नये, सील जागेवरून सरकतं. कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर काढून दोन्ही तोंडं रबरी बुचाने बंद करा, ऑइल पंपाची नळी असेल तर तीही. जुन्या प्लगमधली चिनीमाती फोडून त्यात नळी पक्की बसवा, पिस्टन अगदी खाली आणा म्हणजे सिलिंडर आणि चेंबर एक होतात, आणि ३०० पर्यंत हवा भरा. मिनिटभरात काटा ५० पेक्षा जास्त उतरू नये. उतरला तर मॅग्नेटच्या मागे साबणाचा फेस लावा. क्लचकडचं सील कव्हरखाली दडलेलं असतं. त्यासाठी गिअरबॉक्सच्या ब्रीदरला (हवा सोडणाऱ्या भोकाला) नळी लावून ती पाण्याच्या पेल्यात सोडा. बुडबुडे आले की इंजिन न खोलता उत्तर मिळालं. काटा टिकला तरी सील निर्दोष असेलच असं नाही, कारण ही चाचणी दाबाची आहे, ओढीची नाही.

मॅग्नेट पुलरनेच (खेचून काढायच्या हत्यारानेच) काढायचा. हातोड्याने क्रँकची जुळणी बिघडते. काही इंजिनांत सील बाहेरून निघतं, काहींत चेंबर खोलावा लागतो. बाहेरून निघणारं असेल तर सीलच्या पत्र्यात दोन मिलिमीटरचं भोक पाडून स्क्रू बसवून ओढा. ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावा, म्हणजे कीस त्यातच अडकेल, आणि पत्रा फुटताच थांबा, मागे बेअरिंग आहे. जुनं सील काढण्याआधी स्प्रिंगची बाजू कुठे होती आणि ते किती खोल होतं याचा फोटो घ्या. कारखान्याने जी दिशा ठरवली तीच ठेवायची. सीलवर २०-३५-७ असे तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. आपल्या सीलचे आकडे वाचूनच नवं घ्या. जमलं तर व्हायटॉन या रबराचं घ्या. ते सुमारे २०० अंश सोसतं, नायट्राइल १००-१२० च्या आत राहिलेलं बरं.

दांड्यावर नख फिरवा. अडकलं तर जुन्या ओठाने खाच पाडली आहे. नवं सील मिलिमीटरभर पुढे-मागे बसवलं तर ओठाला ताजी जागा मिळते, मात्र ऑइलची वाट झाकली जाऊ नये आणि सील बेअरिंगला टेकू नये. दांडा हाताने वर-खाली हलवून पाहा. हलत असेल तर बेअरिंग आधी, सील नंतर. डगमगणाऱ्या दांड्याच्या मागे ओठ त्या वेगाने धावू शकत नाही. क्लचच्या बाजूला सील बहुधा एका कॉलरवर चालतं आणि कॉलरच्या आत छोटी ओ-रिंग असते. ती जुनीच ठेवली की नवं सील घालूनही धूर येत राहतो.

बसवताना दांड्यावरच्या चावीच्या (मॅग्नेट अडकवणाऱ्या तुकड्याच्या) खाचेवर आणि आट्यांवर पातळ प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळा, नाहीतर ओठ तिथेच कापला जातो. ओठाला टूटी ऑइल चोळा. कोरडा ओठ पहिल्याच मिनिटात जळतो. सीलच्या बाहेरच्या व्यासापेक्षा मिलिमीटरभर लहान सॉकेट धरून हळूहळू ठोका. ठोकताना स्प्रिंग निसटू शकते, म्हणून बसल्यावर स्प्रिंगची बाजू दिसत असेल तर आरसा धरून ती जागेवर आहे का पाहा.

कव्हर लावण्याआधी पुन्हा ३०० पर्यंत हवा भरा. काटा अजून उतरत असेल आणि दोन्ही सीलपाशी बुडबुडे नसतील, तर फेस चेंबरच्या दोन अर्ध्या भागांच्या सांध्यावर आणि सिलिंडरखालच्या पॅकिंगवर लावून बघा.