घरच्या सीएनसी मिलचे विद्युत पॅनेल : बांधणी आणि वायरिंगविषयी ग्राहकांसाठी माहिती

सीएनसी मिल म्हणजे संगणकाच्या आदेशांवर चालून जॉब कापणारे यंत्र. त्याचा सांगाडा, बॉलस्क्रू (अक्ष सरकवणारे स्क्रू), मोटारी आणि ड्रायव्हर (मोटारींना प्रवाह देणारे बोर्ड) आमच्याकडून घेऊन उरलेली जुळणी घरी करणाऱ्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक आहे. यंत्राचे लोखंडी काम बहुतेकांना चांगले जमते. घोडे अडते ते पॅनेलपाशी. ‘बोर्ड खराब आहे’ म्हणून परत आलेले अनेक बोर्ड आमच्या टेबलावर विनातक्रार चालतात, आणि मग चौकशी केली की दोष अर्थिंगमध्ये, केबल नेलेल्या वाटेत किंवा नीट न दाबलेल्या एखाद्या लगमध्ये (तारेच्या टोकावर दाबून बसवायच्या धातूच्या टोपीत) सापडतो. म्हणून येथे बोर्डाविषयी कमी आणि बोर्डाभोवतीच्या व्यवस्थेविषयी जास्त लिहिले आहे.

पुढील मजकुरात तीन अक्षांचे यंत्र, नेमा २३ मापाच्या स्टेपर (पायरीपायरीने फिरणाऱ्या) मोटारी, ५ मिमी पिचचे (एका फेरीला ५ मिमी सरकवणारे) बॉलस्क्रू, मिनिटाला २४,००० फेऱ्यांचा १.५ किलोवॉट स्पिंडल (कापणारे हत्यार फिरवणारी मोटार) आणि तो चालवणारा व त्याचा वेग बदलणारा सिंगल फेज इनपुटचा व्हीएफडी गृहीत धरला आहे. २३० व्होल्टची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. पॅनेलमधील कमी व्होल्टची बाजू आपण स्वतः निवांतपणे करू शकता.

आधी घराचे अर्थिंग

पॅनेलचा डबा विकत घेण्यापूर्वी ज्या सॉकेटवर यंत्र चालणार आहे त्याचे अर्थिंग तपासावे. जुन्या घरांत सॉकेट तीन पिनांचे असते, पण वरच्या जाड पिनेला मागून तारच जोडलेली नसते, असे आम्हाला वारंवार आढळते. पंख्यांना आणि दिव्यांना त्याने फरक पडत नाही. आपल्या यंत्राला पडतो. व्हीएफडी आणि एसएमपीएस (ड्रायव्हरना डीसी वीज देणारा पुरवठा) यांच्या इनपुट फिल्टरमधील कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून डब्याच्या पत्र्याला जोडलेले असतात, त्यामुळे अर्थिंग नसेल तर तो पत्रा पुरवठ्याच्या सुमारे अर्ध्या, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपासच्या दाबावर राहतो. ‘बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात’ ही तक्रार बहुधा येथूनच येते, आणि तेव्हा यंत्रात प्रत्यक्षात काहीच बिघडलेले नसते.

चांगल्या सॉकेटवर फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे दिसतात, तर न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्टच दिसतात. मात्र डिजिटल मीटर इतका अल्प प्रवाह घेतो की कुठे जोडलेल्याच नसलेल्या तारेवरही तो आकडा दाखवू शकतो. त्यामुळे या तपासणीवर विसंबून न राहता वायरमनकडून अर्थचा रोध मोजून घ्यावा. न्यूट्रललाच अर्थच्या पिनेशी जोडून ‘अर्थिंग करून दिले’ असे सांगणारे लोक भेटतात. तसे कधीही करू देऊ नये, कारण न्यूट्रल कोठे तुटला तर संपूर्ण यंत्राच्या अंगावर २३० व्होल्ट येतात.

फिल्टरमधून अर्थकडे थोडा प्रवाह सतत वाहत असल्याने व्हीएफडी सुरू करताच घरचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (अर्थकडे गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच) पडण्याचा संभव असतो. त्यावर आरसीसीबी काढून टाकणे किंवा व्हीएफडीची अर्थची तार सोडवणे हा उपाय नव्हे. यंत्रासाठी घराच्या मुख्य वीजबोर्डापासून वेगळी लाइन ओढावी आणि तिच्यावर व्हीएफडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या टाइपचा आरसीसीबी बसवावा. बाजारात सर्रास मिळणारा एसी टाइप हा व्हीएफडीमधील गळतीचा प्रवाह ओळखेलच याची खात्री नसते. १.५ किलोवॉटच्या व्हीएफडीला पूर्ण भारावर साधारण १५ अँपिअर लागत असल्याने २.५ चौरस मिमीची तार आणि १६ अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (जादा प्रवाहावर सुटणारा स्विच) पुरतो. २.२ किलोवॉटचा व्हीएफडी २० अँपिअरहून अधिक प्रवाह घेऊ शकतो, म्हणून तो १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटवर चालवू नये.

डबा आणि त्यातील उष्णता

पॅनेल दिसायला जितके लहान तितके सुबक, हा समज आमच्या मते सर्वांत महागात पडतो. १.५ किलोवॉटचा व्हीएफडी पूर्ण भारावर सुमारे ६० वॉट उष्णता बाहेर टाकतो, एसएमपीएस सुमारे ३० आणि तीन ड्रायव्हर मिळून २० ते २५. म्हणजे बंद डब्यात ११० वॉटचा हीटर सतत चालू असल्यासारखे होते. ६०० मिमी उंच, ५०० मिमी रुंद आणि २०० मिमी खोल असा रंगवलेल्या पत्र्याचा डबा भिंतीवर बसवला, तर त्याचा उष्णता सोडणारा पृष्ठभाग सुमारे ०.६४ चौरस मीटर भरतो. अशा पृष्ठभागाच्या एका चौरस मीटरमधून आतल्या-बाहेरच्या तापमानातील प्रत्येक अंश फरकामागे साधारण ५.५ वॉट बाहेर पडतात, त्यामुळे या डब्यासाठी हा आकडा अंशामागे ३.५ वॉट येतो आणि आतील हवा खोलीपेक्षा जवळजवळ ३१ अंशांनी तापते. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली ३८ अंश असताना डब्यात ६९ अंश होतील, आणि बहुतेक व्हीएफडी तर ४० अंशांपर्यंतच पूर्ण भार पेलतात. त्यापुढे ५० अंशांपर्यंत त्यांच्यावरचा भार कमी करावा लागतो.

म्हणून पंखा हवाच. किती हवा खेळवावी लागेल हे काढण्याची रीत सोपी आहे : वॉटला ३.१ ने गुणावे आणि तापमानात जितकी वाढ चालेल तितक्या अंशांनी भागावे. ८ अंशांची वाढ धरली तर ११० वॉटसाठी ताशी सुमारे ४३ घनमीटर हवा लागते. १२० मिमीच्या सामान्य पंख्यावर याच्या दुप्पट-तिप्पट आकडा छापलेला असतो, परंतु फिल्टर लावल्यावर आणि तो धुळीने भरल्यावर प्रवाह बराच घटतो, म्हणून हा फरक वाया गेला असे समजू नये. हवा खालून फिल्टरमधून आत घ्यावी आणि वरच्या बाजूने सोडावी. पंखा खालीच बसवला तर डब्यात किंचित दाब राहतो आणि फटींतून अॅल्युमिनिअमची भुकटी आत ओढली जात नाही. व्हीएफडी उभाच बसवावा, त्याच्या वर-खाली १०० मिमी मोकळी जागा ठेवावी आणि एसएमपीएस त्याच्या डोक्यावर कधीही बसवू नये. विदर्भातील आणि खानदेशातील ग्राहकांनी पॅनेल यंत्रशाळेच्या पत्र्याच्या भिंतीवर न लावता आतील विटेच्या भिंतीवर लावावे.

कोकणात आणि गोव्यात अडचण उलट असते. पावसाळ्यात यंत्र आठवडाभर बंद राहिले की थंड पडलेल्या प्लेटवर ओल धरते आणि टर्मिनलचे स्क्रू हिरवे पडतात. तेथे १५-२० वॉटचा लहान पॅनेल हीटर यंत्र बंद असतानाही चालू राहील अशा रीतीने जोडावा. ग्लँडसाठी (केबल घट्ट धरणाऱ्या बुशसाठी) पाडलेली पण न वापरलेली भोके सर्वत्र बुजवावीत. त्यांतून पाल आत शिरते, टर्मिनलवर आडवी होते, आणि त्यानंतर दुरुस्त करण्यासारखे फारसे काही उरत नाही.

वीज गेली आणि पुन्हा आली तर

पॅनेलमधील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे होल्डिंग कॉन्टॅक्टसह जोडलेला कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेने ओढला जाणारा स्विच. वीज गेल्यावर आपण चहाला जातो, मुले शेडमध्ये येतात आणि वीज परत येते. त्या क्षणी स्पिंडल आपोआप फिरता कामा नये. हिरवे बटण दाबल्यावर कॉन्टॅक्टर ओढला जातो आणि स्वतःच्याच एका कॉन्टॅक्टमधून स्वतःला धरून ठेवतो. पुरवठा क्षणभर जरी तुटला तरी तो सुटतो आणि पुन्हा बटण दाबल्याशिवाय जोडला जात नाही. लाल मशरूम (इमर्जन्सी) बटणाचा एनसी, म्हणजे एरवी जोडलेला राहणारा आणि दाबल्यावर सुटणारा कॉन्टॅक्ट याच साखळीत घालावा, आणि दुसरा एनसी कॉन्टॅक्ट कंट्रोलरच्या (मोटारींना आदेश देणाऱ्या बोर्डाच्या) इनपुटला द्यावा, म्हणजे यंत्र का थांबले हे पडद्यावरही कळते. कंट्रोलरचा स्वतःचा पुरवठा कॉन्टॅक्टरच्या अलीकडून घ्यावा.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. व्हीएफडीचा पुरवठा तोडला की स्पिंडलला विजेचा ब्रेक लागत नाही. तो आपल्या वेगाने फिरत फिरत थांबतो. त्यामुळे लाल बटणाचा कॉन्टॅक्ट वरील साखळीत थेट नव्हे तर टायमरमार्गे घालावा, म्हणजे बटणाने आधी व्हीएफडीला थांबण्याचा आदेश जाईल आणि काही सेकंदांनी कॉन्टॅक्टर सुटेल, अशी रचना आम्ही सुचवतो. दुसरी गोष्ट झेड, म्हणजे उभ्या अक्षाची : बॉलस्क्रू इतका सुलभ फिरतो की मोटारीचा जोर जाताच जड डोके स्वतःच्या वजनाने खाली उतरू शकते, म्हणून तेथे ब्रेक असलेली मोटार किंवा प्रतिभार असावा. व्हीएफडी आणि स्पिंडल यांच्यामधील केबलवर मात्र कॉन्टॅक्टर किंवा स्विच कदापि बसवू नये.

लिमिट स्विच (अक्ष टोकाला पोहोचल्याचे सांगणारे) आणि होमिंगचे (यंत्राचे आरंभस्थान शोधणारे) सेन्सर एनसी प्रकारचेच वापरावेत आणि ते ५ ऐवजी २४ व्होल्टवर चालवावेत. तार तुटली तर एनसी जोडणीत यंत्र थांबते. एनओ, म्हणजे एरवी तुटलेल्या राहणाऱ्या जोडणीत ते काहीच झाले नाही अशा थाटात टोकापर्यंत जाऊन आदळते.

केबलच्या वाटा

ड्रायव्हरने मोटारीच्या प्रत्येक पायरीचे १० भाग (मायक्रोस्टेप) केले तर एका फेरीला २,००० पल्स, म्हणजे कंट्रोलरकडून येणारे विजेचे ठोके, लागतात, म्हणजे मिलिमीटरला ४०० आणि एका पल्सला अडीच मायक्रॉन. स्टेपच्या तारेत बाहेरून शंभर खोटे पल्स शिरले तर जॉब पाव मिलिमीटरने सरकतो, तेही कोणताही अलार्म न येता. हे पल्स येतात ते बहुधा व्हीएफडीकडून, कारण तो ३२५ व्होल्टचा डीसी सेकंदाला हजारो वेळा तोडत असतो आणि स्पिंडलची केबल त्याची अँटेना बनते. ‘स्पिंडल बंद असताना सगळे नीट चालते, सुरू केला की लिमिटचा अलार्म येतो किंवा यूएसबी सुटते’ असे आपल्याला आढळले, तर आम्हाला फोन करण्यापूर्वी हा भाग पुन्हा वाचावा.

स्पिंडलसाठी शिल्ड (धातूच्या जाळीचे आवरण) असलेली चार कोअरची केबल वापरावी आणि तिचे शिल्ड दोन्ही टोकांना अर्थ करावे. पॅनेलमध्ये शिल्डची शेपटी पिळून स्क्रूखाली न घालता उघड्या शिल्डवर धातूचा क्लँप आवळावा, आणि प्लेट रंगवलेली असेल तर त्या जागचा रंग खरवडून काढावा. रंगावर आवळलेला क्लँप केवळ शोभेचा असतो. आमचा आग्रह असा की, स्पिंडलच्या चौथ्या पिनेपासून त्याच्या बॉडीपर्यंत मीटरने सलगता पाहावीच, कारण अनेक आयात स्पिंडलमध्ये ती पिन आतून कशालाच जोडलेली नसते. सेन्सर आणि पल्स यांच्या केबलचे शिल्ड मात्र केवळ पॅनेलच्या टोकाला अर्थ करावे. या दोन जातींच्या केबल एका चॅनलमधून नेऊ नयेत. एकमेकींना ओलांडणे भागच असेल तर काटकोनात ओलांडाव्यात.

रंगांबाबत एक सावधगिरी. आपल्याकडे लाल, पिवळा आणि निळा हे तीन फेजचे रंग, काळा न्यूट्रलचा आणि हिरवा अर्थचा, अशी सवय आहे. आयात उपकरणाच्या केबलमध्ये मात्र तपकिरी फेज असतो आणि निळा न्यूट्रल. त्यामुळे केवळ रंग पाहून जोडणी करू नये. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना फेरूल नंबर (क्रमांक छापलेल्या नळ्या) घालावेत आणि बारीक तारांच्या टोकांना पिन लग दाबावेत. टोकाला कथिल लावून स्क्रूखाली दाबण्याची जुनी पद्धत टाळावी, कारण कथिल दाबाखाली हळूहळू सरकते आणि जोड सैल होतो. डिन रेल (भाग अडकवण्याची पट्टी), चॅनल, लग असा माल पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लोहार चाळीत एका फेरीत मिळतो.

पहिल्यांदा सुरू करताना

सर्व ड्रायव्हर, कंट्रोलर आणि स्पिंडल सोडवून ठेवावेत आणि एकेक भाग जोडत पुढे जावे. आधी केवळ एसएमपीएस चालू करून त्याचे आउटपुट मोजावे. आमच्या ड्रायव्हरची कमाल मर्यादा ५० व्होल्ट आहे, तरी आम्ही ३६ व्होल्टचाच पुरवठा देतो, कारण मोटार झटकन थांबते तेव्हा ती जनरेटर बनून पुरवठ्याचा दाब वर ढकलते. ड्रायव्हर चालू असताना मोटारीचा प्लग कधीही काढू नये.

स्पिंडल जोडण्यापूर्वी व्हीएफडीमध्ये बेस फ्रिक्वेन्सी (जिच्यावर स्पिंडलला पूर्ण व्होल्ट मिळतात ती) ४०० हर्ट्झ केली आहे याची खात्री करावी. कारखान्यातून ती बहुधा ५० हर्ट्झ असते. तशीच राहिली तर कमी वेगावर स्पिंडलला कित्येक पट जास्त व्होल्ट मिळतात आणि वाइंडिंग जळते. अशा स्पिंडलवर वॉरंटी देता येत नाही. वीज बंद केल्यानंतरही व्हीएफडीच्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टपर्यंत दाब टिकून राहतो, म्हणून झाकण उघडण्यापूर्वी किमान १० मिनिटे थांबावे आणि डीसी टर्मिनलवर मीटर लावून मगच हात घालावा.

अडचण आल्यास झाकण उघडलेल्या पॅनेलचे पूर्ण छायाचित्र, हाताने काढलेला असला तरी चालेल असा वायरिंगचा नकाशा, आणि स्पिंडल बंद असताना व चालू असताना यंत्र कसे वागते याचे दोन ओळींचे वर्णन आमच्याकडे पाठवावे. नकाशाची एक प्रत पॅनेलच्या दाराच्या आतील खिशात ठेवावी.