आयक्यू ११८, मग गणितात ५२ कसे?

बडोद्यात दांडिया बाजारात आमच्या शेजारच्या काकू परवा मुलाचा रिपोर्ट घेऊन आल्या, सातवीतला मुलगा, टेस्टमध्ये आयक्यू म्हणजे बुद्ध्यांक ११८ (सरासरी १०० धरतात) आणि सहामाहीला गणितात १०० पैकी ५२, आणि सरळ विचारलं, "म्हणजे हा आळशीच ना रे?" पोरगा तिथेच उभा होता, फार वाईट वाटलं मला.

आयक्यू आणि मार्कांचं नातं आहेच, चांगलं घट्ट आहे. मुळात ही टेस्ट निघालीच शाळेसाठी, १९०५ मध्ये पॅरिसला बिने आणि सिमोन यांनी केली, वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून मदत देता यावी म्हणून. इंग्लंडमध्ये इयन डियरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७० हजारांवर मुलांची ११ व्या वर्षीची बुद्धी टेस्ट आणि १६ व्या वर्षीची बोर्डासारखी परीक्षा ताडून बघितली (२००७), सगळे विषय एकत्र धरून सहसंबंध आला ०.८१. शून्य म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे एकावरून दुसरं तंतोतंत सांगता येतं, म्हणजे ०.८१ खूपच झाला. पण विषय सुटे केले की गणितातल्या मुलामुलांमधल्या फरकाचा साधारण ५९ टक्के भाग बुद्धीशी जुळतो आणि चित्रकलेत फक्त १८!

आणि शिक्षक जे मार्क देतात त्यात तर हे नातं अजून सैल होतं, २०१५ मध्ये लाखभर मुलांचे अभ्यास एकत्र केले तेव्हा ०.५४ आलं. त्याचा वर्ग (०.५४ × ०.५४) केला तर मार्कांमधल्या फरकाचा २९ टक्के भाग बुद्धीशी जुळतो, बाकी फरक दुसऱ्या गोष्टींचा, नियमित अभ्यास, घरची परिस्थिती, आजारपण, शिकवणारे सर कसे आहेत, आणि थोडी मोजण्यातली चूकही.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते उलट्या दिशेचं. शाळेत जाण्यानेच आयक्यू वाढतो! रिची आणि टकर-ड्रॉब यांनी २०१८ मध्ये सहा लाखांवर लोकांचा डेटा बघितला, शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षाला आयक्यू १ ते ५ गुणांनी वाढतो. सयाजीरावांनी १९०६ मध्ये सगळ्या बडोदा राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं ते आठवलं की मला हा आकडा जास्तच भावतो.

मग मी काकूंना म्हटलं, पेपर दाखवा. बीजगणित जवळजवळ सगळं बरोबर, मार्क गेले ते अपूर्णांक आणि टक्केवारीत, आणि ते वर्गात शिकवलं तेव्हा हा काविळीने तीन आठवडे घरी होता. रविवारपासून येतोय माझ्याकडे, अपूर्णांकांपासून सुरू केलंय.