धोरणचर्चा (मुक्त सॉफ्टवेअर)

मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे कोणीही वापरावे, तपासावे, बदलावे आणि वाटावे असे सॉफ्टवेअर, घडवणाऱ्या समूहाने आपले नियम, मूल्ये आणि पुढची वाट ठरवण्यासाठी सर्वांदेखत केलेला वादविचार म्हणजे धोरणचर्चा. अशा प्रकल्पात पुष्कळ जण पगाराविना राबतात, त्यामुळे हुकूम सोडून काम होत नाही. ज्याला निर्णय पटलेला नाही, त्यालाही त्यामागची कारणे वाचता आली पाहिजेत. मराठी विकिपीडियाने चर्चेच्या पानाला ‘चावडी’ आणि मत आजमावण्याला ‘कौल’ म्हटले आहे. याहून चपखल शब्द सापडणे कठीण.

डेबियन या ऑपरेटिंग सिस्टिमचा दाखला सर्वांत बोलका आहे. इयन मरडॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पाने १९९७ मध्ये ‘सामाजिक करार’ स्वीकारला. प्रणाली शंभर टक्के मुक्त राहील, अडचणी लपवल्या जाणार नाहीत, असे त्यात वचन आहे. पण अनेक वायफाय चिपना कंपनीचे बंदिस्त फर्मवेअर, म्हणजे चिप चालवणारे छोटे सॉफ्टवेअर, लागते, आणि प्रणाली संगणकावर बसवणाऱ्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ते नसे. शहाद्याच्या किंवा चोपड्याच्या विद्यार्थ्याने जुन्या लॅपटॉपवर डेबियन टाकायला घेतले, की नेटवर्कच्या पायरीवर गाडी अडायची. मग मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट वापरायचे, नाहीतर दुसऱ्या संगणकावरून ती फाइल पेनड्राइव्हवर आणायची. तत्त्व राखावे की नवख्याची वाट मोकळी करावी, यावर वर्षानुवर्षे खल झाला. अखेर २०२२ मध्ये मतदान झाले. डेबियनमध्ये सभासद पर्यायांना पसंतीक्रम देतात आणि त्यात ‘यांपैकी एकही नाही’ हाही पर्याय असतो. करारात बदल करायला तीनास एक बहुमत लागते. ते मिळाले, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून असे फर्मवेअर इन्स्टॉलरसोबत मिळते. मात्र ते वापरले जात असल्याचे सांगणे आणि बंद करण्याची सोय ठेवणे, हेही त्याच ठरावात आहे. हरलेल्या बाजूचा आक्षेप अशा रीतीने निर्णयात उरतो, आणि या पद्धतीचे खरे मोल तेच आहे.

मतभेद मिटलेच नाहीत, तर तेच सॉफ्टवेअर घेऊन वेगळी चूल मांडायचा हक्क मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यानेच दिलेला असतो. लिब्रेऑफिस हा कार्यालयीन कामाचा सॉफ्टवेअर संच २०१० मध्ये ओपनऑफिसपासून असाच वेगळा झाला.

खानदेशाच्या दृष्टीने कळीचा मुद्दा भाषेचा आहे. सॉफ्टवेअर अहिराणीत आणायचे तर आधी भाषेचा संकेत ठरवावा लागतो. भाषांना संकेत देणाऱ्या आयएसओ ६३९-३ या आंतरराष्ट्रीय मानकात अहिराणीला ‘एएचआर’ आणि खानदेशीला ‘केएचएन’ असे दोन निराळे संकेत आहेत. म्हणजे भाषांतर कोणत्या नावाखाली ठेवायचे, इथूनच चर्चा सुरू होते. ‘ही फाइल आधीच आहे’ एवढ्या संदेशातही ‘आहे’चे ‘शे’ करावे लागते. तोंडी ‘जयगाव’ म्हणणाऱ्यांनी पडद्यावर ‘जळगाव’ लिहायचे का? धुळ्याकडचे रूप धरायचे की बागलाणकडचे? यावल-रावेर पट्ट्यातल्या लेवा गणबोलीचा आणि नंदुरबारकडच्या भिलीचा प्रश्न तर वेगळाच. ही उत्तरे त्या बोली घरात बोलणाऱ्यांनीच द्यायची आहेत. त्यासाठी प्रोग्रामिंग यायला हवे असे नाही. एखादा शब्द का खटकतो, हे कारणासह लिहून ठेवता आले तरी पुरते.