कान चांगला, वाट बिघडलेली

जन्मानंतर खूप कावीळ झालेलं बाळ झोपलेलं असतं. ऐकू येतं का हे बघायला त्याच्या कानात मऊ रबरी टोकाची नळी बसवतात, यंत्र आत बारीक टिकटिक सोडतं आणि मिनिटाभरात पडद्यावर शब्द उमटतो: ‘पास’. आईबाप निर्धास्त घरी जातात. मग पाचव्या महिन्यात कधीतरी स्वयंपाकघरात स्टीलचं ताट फरशीवर आपटतं. आजी दचकते, बाळ मात्र पंख्याकडे बघत खुशाल हातपाय हलवत राहतं.

यंत्र खोटं बोललं का? नाही. त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा होता.

निरोगी कान आवाज ऐकतो आणि ऐकताना स्वतःही अगदी क्षीण आवाज करतो. डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली लंडनमध्ये हे दाखवून दिलं, तेव्हा बऱ्याच जणांना ती थाप वाटली होती. आंतरकर्णात गोगलगाईच्या शंखासारखी नळी असते. तिच्यातल्या केसपेशी आवाज मिळाला की थरथरतात आणि त्या थरथरीचा पडसाद बाहेर येतो. ‘ओएई’ नावाची ही तपासणी तो पडसाद टिपते, म्हणजे शंख चालतोय एवढंच सांगते. शंखापासून मेंदूपर्यंतच्या वाटेबद्दल ती काही बोलत नाही. आणि नवजात काविळीचा घाव नेमका त्या वाटेवर बसतो.

घाबरून जाऊ नका. दिवस पूर्ण भरलेल्या बाळांपैकी सुमारे ६० टक्के आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांपैकी ८० टक्के पहिल्या आठवड्यात थोडीफार पिवळी दिसतात, आणि बहुतेकांची कावीळ काही न बिघडवता ओसरते. मोठ्यांच्या तांबड्या पेशी १२० दिवस जगतात. बाळाच्या पेशी त्याआधीच मोडतात, आणि त्या असतातही जास्त. मोडलेल्या हिमोग्लोबिनातून बिलिरुबिन हा पिवळा पदार्थ तयार होतो. तो पाण्यात विरघळत नाही. यकृत त्याला साखरेपासून बनलेल्या एका आम्लाची जोड देऊन विरघळण्याजोगा करतं आणि मग तो शीवाटे जातो. बाळाच्या यकृताला हे काम जमायला काही दिवस लागतात. तोवर बिलिरुबिन अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाच्या पाठुंगळीला बसून रक्तात हिंडतं.

पाठुंगळीला आहे तोवर धोका नाही. उतरलं, की ते स्निग्ध स्वभावामुळे थेट मेंदूच्या पेशींत मुरतं. हा फरक वैद्यकाला फार महागात शिकावा लागला. १९५६ साली न्यूयॉर्कमधून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अपुऱ्या दिवसांच्या काही बाळांना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून पेनिसिलिनसोबत सल्फा औषध दिलं होतं. त्या गटात मृत्यू जास्त झाले आणि शवविच्छेदनात मेंदूचे गाभे पिवळे आढळले. रक्तातलं बिलिरुबिन मात्र फार चढलेलं नव्हतं. सल्फाने अल्ब्युमिनच्या पाठीवरची जागा बळकावली होती आणि बिलिरुबिन खाली ढकललं गेलं होतं. म्हणून कावीळ किती आहे याच्या जोडीला बाळ किती दिवसांचं आहे, संसर्ग आहे का, कोणतं औषध चालू आहे, हेही डॉक्टर बघतात. एकच आकडा दोन बाळांत वेगळा अर्थ सांगतो.

मेंदूत शिरलेलं बिलिरुबिन सगळीकडे सारखं नासधूस करत नाही. हालचालींचा तोल सांभाळणारे खोलातले काही गाभे आणि मेंदूच्या देठातली श्रवणाची ठाणी ही त्याची ठरलेली ठिकाणं. विचार करणारा वरचा थर बराचसा वाचतो, त्यामुळे यातल्या बऱ्याच मुलांची समज शाबूत असते. न ऐकू येणाऱ्या, नीट बोलता न येणाऱ्या मुलाला लोक मतिमंद समजून मोकळे होतात, हा त्याच्यावरचा दुसरा अन्याय.

श्रवणाचीच ठाणी का? ती अतिशय काटेकोर वेळेवर चालतात. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे ओळखताना मेंदू दोन कानांतला सेकंदाच्या एक लाखाव्या भागाइतका फरकही पकडू शकतो. एवढी चलाखी फुकट होत नाही. प्राण्यांच्या मेंदूत कोणता भाग किती साखर जाळतो हे मोजलं, तेव्हा देठाच्या वरच्या टोकाचं एक श्रवणठाणं सर्वांत खादाड निघालं. बिलिरुबिन पेशींची ऊर्जा बनवणारी यंत्रणाच बिघडवतं, तेव्हा ज्याची भूक मोठी तोच आधी कोलमडतो, असं मानलं जातं.

पेशी मेल्या नाहीत तरी ताल जातो. दिंडीत शंभर टाळ एका क्षणी पडतात म्हणून तो ठेका लांबून ऐकू येतो. तेच शंभर जण आपापल्या सोयीने टाळ वाजवू लागले तर आवाज तेवढाच राहील, ठेका राहणार नाही. श्रवणाच्या नसेत हजारो तंतू असतात आणि त्यांनी एका दमात संदेश द्यावा लागतो. तो दम सुटला की मुलाला आवाज कळतो, शब्द कळत नाहीत. ‘ताट’, ‘थाट’, ‘दाट’ हे तीन शब्द म्हणून बघा. त्यांच्या पहिल्या अक्षरांतला फरक मुख्यतः कंठ कधी घुमू लागतो एवढाच आहे, आणि तो सेकंदाच्या काही शंभराव्या भागांचा आहे. ताल गेलेल्या मेंदूला तिन्ही सारखेच. त्यात घरात टीव्ही चालू असेल तर संपलंच. या दोषाला ऑडिटरी न्यूरोपथी म्हणतात. काही मुलांचं ऐकणं आज बरं, उद्या वाईट असंही होतं. घरच्यांना वाटतं, पोरगं मुद्दाम दुर्लक्ष करतंय.

हा बिघाड पकडते ती ‘बेरा’. बाळाच्या कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवून हजारेक टिकटिक ऐकवतात आणि प्रत्येकीनंतरच्या पहिल्या काही मिलिसेकंदांतल्या विद्युतलहरींची सरासरी काढतात. पहिली लहर नसेची, पुढच्या देठातल्या ठाण्यांच्या. बिलिरुबिन चढू लागलं की पुढच्या लहरी उशिरा येतात, मग बुटक्या होतात, मग आलेख सपाट. गन उंदरांत हे टप्पे प्रयोगशाळेत पाहिले गेले आहेत. १९३८ साली वर्णन झालेल्या या उंदरांच्या यकृतात बिलिरुबिनला विरघळण्याजोगं करणारं ते जोडकामाचं एन्झाइमच नसतं. त्यांना सल्फा टोचलं की काही तासांत लहरी ढासळतात. दिलासा असा की बाळांत वेळेवर रक्तबदल केला, तर ढासळलेल्या लहरी अनेकदा परततात. म्हणून बिलिरुबिन खूप चढलेल्या बाळाचं ‘ओएई पास’ एवढ्यावर समाधान मानू नये, बेरा करून घ्यावी. आपल्याकडे जिल्हा रुग्णालयाच्या डीईआयसीत, म्हणजे लहान मुलांमधले दोष लवकर ओळखणाऱ्या केंद्रात, किंवा वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत त्यासाठी चौकशी करता येते.

आता ‘पिवळ्या बाळाला कोवळं ऊन दाखवा’ या आजीच्या सल्ल्याबद्दल. ती अगदीच चुकलेली नाही. १९५६ साली इंग्लंडच्या एसेक्समधल्या रॉचफर्ड रुग्णालयात जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर बाळांना अंगणात उन्हात नेत. एक बाळ त्यांनी डॉक्टरांना दाखवलं: अंग फिकट, आणि चादरीचा कोपरा होता तिथे तेवढाच एक गडद पिवळा त्रिकोण. पुढे रक्ताची एक नळी खिडकीत उन्हात राहून गेली आणि तिच्यातलं बिलिरुबिन उतरलेलं आढळलं. १९५८ मध्ये प्रकाशोपचाराचा पहिला शोधनिबंध आला. बिलिरुबिनचा रेणू पुरचुंडीसारखा मिटलेला असतो, पाण्याशी जमवून घेणारे भाग आत दडलेले. निळा प्रकाश त्याचा एक बंध फिरवतो, पुरचुंडी उलगडते आणि यकृताच्या जोडकामाची वाट न पाहता तो बाहेर पडू शकतो. पण उन्हाचा डोस मोजता येत नाही, बाळ भाजतं किंवा गारठतं. ‘पेटीत ठेवलंय, लाइट लावलीय’ म्हणतात ती पेटी निळा प्रकाश मोजून देते.

खरा घोळ वेळेचा होतो. बिलिरुबिनचा चढ बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी शिखर गाठतो, आणि तोवर आई-बाळ घरी, पडदे ओढलेल्या खोलीत असतात. पिवळेपणा वाढेल तसा चेहऱ्यावरून खाली पसरत जातो. उजेडात नाक, छाती, तळपाय बोटाने दाबून बघावेत, शंका आली तर रक्त तपासावं. बाळ सुस्त पडलं, दूध ओढेना, किंवा चिरक्या आवाजात रडू लागलं, तर सकाळची वाट बघू नये. आणखी एक: ट्रंकेतली जुनी झबली-दुपटी डांबरगोळ्यांच्या वासासकट अंगावर चढवू नका. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्या वाफेने भराभर फुटतात.

वाट बिघडलीच तर? श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, टाळ एकत्र आणत नाही, म्हणून त्याचा उपयोग इथे बेताचा होतो. शस्त्रक्रियेने आंतरकर्णात बसवायच्या कॉक्लिअर इम्प्लांटचं चालणं वेगळं. ते केसपेशींना बगल देऊन नसेला थेट विजेचे ठोके देतं. त्या ठोक्यांवर अनेक तंतू एकदम पेटतात, आणि ज्या मुलांचा बेराचा आलेख सपाट होता, त्यांच्यापैकी काहींमध्ये इम्प्लांट चालू करून पुन्हा मोजलं, की देठाच्या वरच्या भागातून येणारी पाचवी लहर उभी राहिलेली दिसते.